दुसऱ्याच्या ओंजळीने

तुझी वाचनाची वही परत देते आहे. ‘किशोरांसाठीच्या व्हॅम्पायर-भुताखेतांच्या कादंबऱ्या : माझी मतं’ या लेखाखाली मी सही केलेली नाही, शेराही दिलेला नाही. लेख आठ पानांचा आहे, अक्षर सुवाच्य आहे, शुद्धलेखनाच्या चुका फारशा नाहीत. तरी मी तो स्वीकारत नाही, कारण त्या आठ पानांत मला तू कुठे भेटलीच नाहीस. ‘बकवास’, ‘बालिश’, ‘ओव्हररेटेड’, ‘नुसता टाइमपास’, पाचपैकी दोन, पाचपैकी साडेतीन. ही मतं मी तुझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या तोंडून ऐकली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांनी ती पुस्तकं उघडलेलीही नाहीत. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची ही सवय या वयात लागली तर पुढे ती सुटत नाही. म्हणून आज मी तुला सोडणार नाही. बस, आणि शेवटपर्यंत ऐक.

तुझं पहिलंच वाक्य घे. स्टेफनी मेयरच्या ‘ट्वायलाइट’मधले व्हॅम्पायर उन्हात चमकतात म्हणून ते पुस्तक हास्यास्पद आहे, खरे व्हॅम्पायर उन्हात जळून मरतात, असं तू ठणकावून लिहिलं आहेस. कोणी सांगितलं? ‘ड्रॅक्युला’चं नाव तू त्याच परिच्छेदात पुरावा म्हणून घेतलं आहेस, म्हणजे ते तू वाचलेलं नाहीस. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या त्या कादंबरीत काउंट ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा असलेला जोनाथन हार्करला दिसतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, इतकंच. शेवटी तो मरतो तो उन्हाने मरत नाही; एकाच्या हातात कुकरी आहे, दुसऱ्याच्या हातात सुरा. सूर्यप्रकाशात व्हॅम्पायर विरून जातो ही कल्पना रूढ केली ती मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाच्या 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाने. तो चित्रपट स्टोकरच्या कादंबरीवरून परवानगी न घेता काढला होता. स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम न्यायालयाने दिला. काही प्रती वाचल्या, आणि त्यांच्याबरोबर ती कल्पनाही वाचली. थोडक्यात, ज्या नियमाच्या जोरावर तू मेयरला वेड्यात काढलंस तो नियम स्टोकरच्या पुस्तकात नाहीच. प्रत्येक लेखकाने व्हॅम्पायर आपल्या गरजेप्रमाणे घडवला आहे. मेयरने तो चमकता का केला, हा प्रश्न तू विचारायला हवा होतास. त्यातला व्हॅम्पायर नायक एडवर्ड नायिका बेलाला रानातल्या मोकळ्या जागी नेतो ते आपण काय आहोत हे दाखवायला, आणि लेखिका त्याच क्षणी धोक्याला इतकं देखणं करून टाकते की भीती उरतच नाही. भयकथेतून भीती काढून घेतली तर मागे काय राहतं? यावर तुला पानभर लिहिता आलं असतं, आणि ती टीका मेयरला खरोखर लागली असती. तू चमकण्यावर हसलीस आणि पुढे गेलीस.

दुसरं वाक्य त्याहून वाईट आहे. ‘ही सगळी मुलींची पुस्तकं, त्यामुळे साहित्य म्हणून बघायचं कारण नाही.’ हे तू, एक मुलगी, लिहितेस. मुलगी आणि रक्तपिपासू यांची कथा 2005 साली ‘ट्वायलाइट’बरोबर जन्मली असं तुला वाटतं का? शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ 1872 ची. ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधीची. एकाकी वाड्यात वाढलेली तरुण मुलगी ती कथा सांगते. तिच्याकडे पाहुणी म्हणून आलेली मुलगी तिच्यावर प्रेमही करते आणि तिचं रक्तही पिते, आणि सांगणारीला तिची ओढही वाटते, किळसही येते. दोन्ही एकाच वेळी. या दोन भावनांच्या कात्रीत सापडलेलं तरुण मन हाच या प्रकारच्या कादंबऱ्यांचा खरा विषय आहे, आणि तो लहान विषय नाही. आपलं शरीर बदलतं आहे, आपल्याला कोणीतरी हवं आहे, ते हवं असण्याचीच भीती वाटते आहे, हे सतराव्या वर्षी सांगायला शब्द नसतात. ते सांगण्यासाठी लेखकांनी व्हॅम्पायर, लांडगे, पतित देवदूत वापरले. कोणी चांगले वापरले, कोणी भिकार. ते निवडणं हे वाचकाचं काम. वाचणाऱ्या मुली आहेत एवढ्यावर अख्खा साहित्यप्रकार मोडीत काढणं म्हणजे ते काम टाळणं, आणि स्वतःच्या वाचनाची लाज बाळगणं.

आता बेला स्वान. तिच्यावर तू दीड पान खर्च केलं आहेस. ती मूर्ख, ती रडूबाई, तिला स्वतःचं आयुष्य नाही. आणि एडवर्डबद्दल? ‘हॉट, पण जरा पझेसिव्ह.’ चार शब्द. हे वाचताना मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पहिल्या भागात एडवर्ड स्वतः कबूल करतो की तो रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसायचा, तिला न विचारता. पुढच्या ‘इक्लिप्स’ या भागात ती तिचा मित्र जेकब याला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. त्याच पुस्तकात जेकब तिच्या मनाविरुद्ध तिचं चुंबन घेतो, ती त्याला ठोसा मारते तर तिचाच हात दुखावतो, आणि तिचे वडील, जे गावचे पोलीसप्रमुख आहेत, जेकबचं कौतुक करतात! पोलीसप्रमुख असलेला बाप. हे सगळं तू वाचलंस आणि तुला दोष सापडला तो बेलात. जिच्यावर अन्याय होतो तिलाच ‘तू अशी कशी’ म्हणायचं, ही रीत पुस्तकाबाहेरच्या जगात किती घरांतून चालते हे तुला माहीत आहे. ती रीत पुस्तक वाचताना तुझ्या मनात आपोआप कशी चालू झाली, हे तू तपासलं नाहीस.

आणि त्याच वहीत तीन पानं पुढे बेका फिट्झपॅट्रिकच्या ‘हश, हश’ला तू पाचपैकी साडेचार दिलेस. 2009 चं पुस्तक. त्यातला पॅच हा पतित देवदूत नोराच्या शेजारच्या बाकावर येऊन बसतो, तिला भीती वाटेल असं बोलतो, तिच्या मागावर राहतो, आणि मुळात तो आलेला असतो तो तिला ठार मारायला, कारण तिच्या मरणातून त्याला माणूस होता येणार असतं. नोरा जीवशास्त्राच्या शिक्षकांकडे जागा बदलून मागते आणि ते ऐकत नाहीत. मी शिक्षिका आहे. वर्गातल्या मुलीने येऊन ‘याच्या शेजारी बसायला मला भीती वाटते’ म्हटलं आणि मी तिला परत त्याच बाकावर पाठवलं, तर मला त्या वर्गात उभं राहायचा अधिकार नाही. तुझ्या टिपणात त्या प्रसंगाचा उल्लेखसुद्धा नाही. तू लिहिलंस, ‘केमिस्ट्री जबरदस्त.’

माझं म्हणणं नीट समजून घे. ही पुस्तकं वाचू नकोस असं मी म्हणत नाही. ग्रंथालयाने ती घेतली तेव्हा ती घ्यावीत म्हणून आग्रह धरणाऱ्यांत मी होते. पुस्तकात वाईट वागणारा माणूस आहे म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. पण ते वागणं पुस्तक आपल्याला कुठून दाखवतं, त्याकडे कोणत्या नजरेने बघायला लावतं, आणि आपण तिथे मान डोलावतो की थांबतो, हे वाचकाने बघायचं असतं. ‘ट्वायलाइट’ आणि ‘हश, हश’ दोन्हीत पाळत ठेवणं हे प्रेमाचं लक्षण म्हणून येतं. एकाला तू नाक मुरडलंस कारण त्याला हसायची पद्धत आहे. दुसऱ्याला डोक्यावर घेतलंस कारण त्याला हसायचं असतं हे तुला अजून कोणी सांगितलेलं नाही. निवाडा दोन वेगवेगळे, आणि कारण एकाचंही नाही.

‘ट्वायलाइट’मधला जेकब ज्या जमातीतला दाखवला आहे, त्या क्विल्यूट लोकांबद्दलची तुझी ओळ मी लाल शाईने अधोरेखित केली आहे. ‘अमेरिकेतील क्विल्यूट जमात आपण लांडगे बनतो असे मानते.’ हे तू माहिती म्हणून दिलं आहेस, जणू भूगोलाच्या पुस्तकातून उतरवलंस. क्विल्यूट ही खरी माणसं आहेत. वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर ला पुश इथे राखीव जमिनीवर ते राहतात. त्यांच्या उत्पत्तिकथेत लांडगा आहे हे खरं. पण तरुण मुलं रागाच्या भरात लांडगे होतात आणि व्हॅम्पायरांशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असतं, ही मेयरची रचना. सिअ‍ॅटलच्या बर्क संग्रहालयाला त्या जमातीबरोबर मिळून खरं काय आणि कादंबरीतलं काय हे वेगळं करून सांगावं लागलं, कारण जगभरच्या वाचकांनी तुझ्यासारखाच समज करून घेतला होता. आणि मेयरने त्यांच्या नावाने काय रचलं आहे बघ. सॅम नावाचा क्विल्यूट तरुण संतापात लांडगा होतो आणि जिच्यावर त्याचं प्रेम आहे त्या एमिलीचा चेहरा कायमचा विद्रूप करतो. पुस्तक त्याला करुण प्रेमकथा म्हणतं. मोठा झालेला जेकब शेवटच्या भागात एका नुकत्याच जन्मलेल्या मुलीशी जन्माचा बांधला जातो. एका जिवंत, लहान, आधीच पुष्कळ सोसलेल्या समाजाचं नाव घेऊन हे लिहिलं गेलं.

त्या गावाचा खरा धोका वेगळाच होता. त्यांची शाळा समुद्रालगत होती, त्सुनामीच्या टप्प्यात. उंचावरची जमीन मिळावी म्हणून ते झगडले, आणि 2012 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून शेजारच्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली जमीन त्यांना दिली, तेव्हा शाळा वर हलवण्याचा मार्ग मोकळा झाला. तुझ्याएवढी मुलं त्या खालच्या वर्गांत बसून शिकत होती, आणि बाहेर ‘टीम जेकब’चे टी-शर्ट घातलेले पर्यटक हिंडत होते. ती ओळ लिहिताना तुझी लेखणी एकदाही अडखळली नाही. एक शब्द शोधून बघायला किती वेळ लागला असता?

मॅगी स्टिफवॉटरच्या ‘द रेव्हन बॉईज’बद्दल तू लिहितेस, ‘साठ पानं वाचली, काहीच घडत नाही, सोडून दिलं. पाचपैकी दोन.’ साठ पानांवर निकाल देणाऱ्या वाचकाला मी वाचक म्हणत नाही. पुस्तक सोडायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण सोडलेल्या पुस्तकावर मत देण्याचा नाही. आणि ‘काहीच घडत नाही’ हे तर साफ चुकीचं आहे. त्या सुरुवातीच्या भागात व्हर्जिनियातल्या हेन्रिएटा या गावात भविष्य सांगणाऱ्या बायकांच्या घरात वाढलेली ब्लू येते, जिला लहानपणापासून सांगितलेलं आहे की तू ज्याच्यावर खरं प्रेम करशील त्याचं चुंबन घेतलंस तर तो मरेल. चर्चच्या अंगणात येत्या वर्षात मरणाऱ्यांची छाया सरकताना ती बसलेली असते, आणि जिला कधी काही दिसत नाही तिला त्या रात्री एक मुलगा दिसतो. हे ‘काहीच’? पुढे त्या पोरांच्या घोळक्यातला एक जण स्वतःबद्दल एक वाक्य इतक्या सहज बोलून जातो की ते कोणी मनावर घेत नाही, आणि वाचकही घेत नाही. ते वाक्य मी सांगणार नाही. पूर्ण पुस्तक वाचून मागे गेलीस की सापडेल, आणि मग कळेल की लेखिकेने सत्य सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवून कसं लपवलं.

आणि अ‍ॅडम पॅरिश. या पुस्तकातलं माझं सगळ्यात आवडतं पात्र, आणि तुझ्या टिपणात त्याचं नावही नाही. फिरत्या घरात राहणारा, बापाचा मार खाणारा, श्रीमंत मुलांच्या शाळेची फी भरण्यासाठी शाळा सुटल्यावर कामं करणारा मुलगा. त्याचा श्रीमंत मित्र गॅन्सी मनापासून म्हणतो की माझ्याकडे येऊन राहा, आणि अ‍ॅडम नाही म्हणतो. मदत घेतली तर मी तुझा होईन, माझा राहणार नाही, ही त्याची भीती आहे. जादूच्या रेषा, वेल्श राजाचा शोध, भुतं हे सगळं त्या कादंबरीत आहे, पण त्यातलं खरं दुखणं मैत्रीतल्या पैशाचं आहे. तुझ्या वर्गात अ‍ॅडम आहेत. फीचा हप्ता मागतील म्हणून ऑफिसच्या बाजूने न जाणारी मुलं आहेत, आणि सहलीचे पैसे मी भरते म्हणणाऱ्या मैत्रिणीवर चिडणाऱ्या मुली आहेत. ते पुस्तक हातात असताना तू त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतंस, असं मला वाटतं. साठव्या पानावर ती संधी गेली.

हॉली ब्लॅकच्या ‘द कोल्डेस्ट गर्ल इन कोल्डटाउन’चं तू कौतुक केलंस. मुखपृष्ठ, रक्त, पार्टीनंतर बाथटबमध्ये जाग येणारी टाना, घरभर पडलेली प्रेतं. ठीक. पण त्या पुस्तकाचं हृदय टानाच्या आईपाशी आहे. आईला संसर्ग झालेला, वडिलांनी तिला तळघरात कोंडलेलं. अठ्ठ्याऐंशी दिवस माणसाचं रक्त न पिता काढले तर ती बरी होणार. खालून आई हाका मारते, लहानगी टाना दार उघडते, आई तिला चावते, आणि वडील आईला मारून टाकतात. त्या लेकराने दार उघडलं ते मायेपोटी. पुढची सगळी टाना, धोक्याकडे ओढली जाणारी आणि तरी दुसऱ्याला वाचवायला धावणारी, त्या दारातून बाहेर आलेली आहे. हे न बघता ‘थ्रिलिंग’ म्हणून मोकळं होणं हा त्या लेखिकेवर अन्याय आहे, चांगलं मत दिलंस तरीही.

शेवटी लिहिलंस की मराठीत असलं काही नाही, आपल्याकडची भुतं लहान मुलांची. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आपल्या ग्रंथालयात दुसऱ्या कपाटात आहेत, जा आणि उघड. आणि ज्या वेताळाला तू लहान मुलांचा म्हणालीस, कोकणात आणि गोव्यात तो गावं राखणारा देव आहे. त्याच्या गोष्टी आठव. राजाच्या खांद्यावर बसून तो गोष्ट सांगतो, आणि शेवटी न्याय मागतो: यातला खरा दोषी कोण, खरा थोर कोण, आणि का? माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. शेवटचं कोडं सोडलं तर प्रत्येक वेळी राजा उत्तर देतो आणि कारणही देतो. ‘पाचपैकी तीन’ म्हटलेलं त्या वेताळाला चाललं नसतं.

इतकं बोलले ते बाकीच्यांनाही बोलले असते. आता जे तुलाच सांगायचं आहे ते सांगते. ‘ट्वायलाइट’च्या पुढच्या भागाबद्दल, ‘न्यू मून’बद्दल, तू लिहिलंस, ‘मालिकेतला सर्वात कंटाळवाणा भाग, हे तर सगळेच म्हणतात.’ ग्रंथालयाच्या नोंदवहीत ‘न्यू मून’समोर तुझं नाव पुन्हा पुन्हा आहे. त्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि तुझ्या समासातल्या खुणा मला ओळखता येतात. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करणं हा वेगळा गुन्हा, त्याचं नंतर बघू. एडवर्ड बेलाला रानात सोडून जातो तिथून पुढे ती पानं येतात ज्यांवर फक्त महिन्याचं नाव आहे. ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. बाकी कोरं. सांगणारी बेला आहे, आणि तिच्याकडे त्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखा एकही शब्द नाही. संपूर्ण मालिकेत मेयरने याहून चांगलं काही केलेलं नाही असं माझं मत आहे. दुःखात माणूस बोलायचा थांबतो हे तिने न लिहून लिहिलं. तुझी खूण तिथेच आहे. डिसेंबरच्या पानाच्या कोपऱ्यात.

म्हणजे तू वाचू शकतेस. जिथे थांबायला हवं तिथे तू थांबलीस, कोणी न सांगता. आणि मग वहीत तू खोटं लिहिलंस. मैत्रिणी हसतील, बाई हलकं समजतील, म्हणून जे तुला लागलं त्यालाच तू कंटाळवाणं म्हणालीस. मला ‘ट्वायलाइट’ आवडत नाही. का आवडत नाही हे आधी सांगितलं. पण तुला आवडलं म्हणून मी तुला एक शब्द बोलले नसते. आवडलं ते लपवून नावडीचं सोंग आणलंस, यासाठी ही कानउघाडणी आहे. त्या पानावर तू का थांबलीस हे मला सांगायची सक्ती नाही. तो तुझा खासगी भाग आहे आणि मी तो विचारणार नाही. पण जे पुस्तक तुला रात्री उशिरापर्यंत जागवतं आणि जे पुस्तक बेलाच्या ट्रकचं इंजिन उघडून तिची वाट अडवणाऱ्याला प्रियकर म्हणतं, ती एकाच मालिकेतली आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या धरून लिहिणं अवघड आहे. हसणं सोपं होतं, म्हणून तू हसलीस.

आठही पानं पुन्हा लिहायची. सगळ्या पुस्तकांवर नको, एकाच पुस्तकावर लिही, आणि ते ‘न्यू मून’ असावं अशी माझी इच्छा आहे, आज्ञा नाही. आकडे नकोत. ‘सगळे म्हणतात’ नको. ‘द रेव्हन बॉईज’ तुझ्या नावावर पुन्हा चढवायला ग्रंथपालांना सांगितलं आहे. ते दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण कर, लेखाशी त्याचा संबंध नाही. पुस्तकांवरच्या पेन्सिलीच्या खुणा स्वतः बसून खोडायच्या, पाना-पानावरच्या. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर मी ग्रंथालयात असेन. वहीबरोबर पुस्तकही आण, कारण तू केलेलं प्रत्येक विधान कुठल्या पानावरून केलंस ते मी विचारणार आहे.